दोन चकत्या आणि एक हिरवा शिक्का

खोपट, ठाणे (पश्चिम)
रविवार, सकाळी ९ वाजून १७ मिनिटे
(ही वेळ भिंतीवरच्या घड्याळाची. माझ्या मनगटावर आत्ता ९ वाजून १० मिनिटे झाली आहेत. या सात मिनिटांचा खुलासा पुढे येईल.)

ती. काळुदादा यांस,

सीताराम रोकडे याचा सविनय जय भीम. वहिनींनाही माझा जय भीम सांगावा.

तुमची प्रकृती कशी आहे? डावा गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना, हे शकूला नीट सांगता आलं नाही. तेवढं नक्की कळवावं, म्हणजे काहीतरी सुचवता येईल. साखर ताब्यात असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे ठीक. (म्हणजे शकू ठीक, प्रियांका ठीक आणि मी कामात.) पत्र बघून तुम्हाला नवल वाटलं असेल. खोपटहून डोंबिवलीला हल्ली कोण पत्र लिहितं? पण गेल्या सात आठवड्यांत मी तुम्हाला एकोणीस फोन केले (वहीत तारीखवार नोंद आहे) आणि एकोणीसही वेळा रिंग वाजून वाजून बंद झाली. दादांचा फोन बिघडला असेल, असं शकू म्हणते. पण तिचा फोन तुम्ही पहिल्या रिंगला उचलता. फक्त एकाच नंबरापुरता होणारा बिघाड मी चौतीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. तेव्हा पत्र लिहायचं ठरवलं. पत्राला रिंग नसते, ते आपलं गुपचूप दारात येऊन पडतं. अप्पांच्या घड्याळाची तुम्ही शकूकडे पुन्हा चौकशी केलीत असं कळलं. त्याचं काम चालू आहे. त्याबद्दल सविस्तर शेवटी लिहीन, कागद उरला तर.

आता मूळ विषयाकडे येतो. प्रियांकाच्या साखरपुड्याला तुमच्या घरी जे झालं ते व्हायला नको होतं. तुम्ही शाळेत सुतारकाम शिकवलंत, भाचीच्या साखरपुड्यासाठी सागवानाची खुर्ची स्वतःच्या हातानं केलीत, तिच्या पाठीवर पिंपळपान कोरलंत, सगळं मान्य. पण मी तिच्यावर बसलो आणि ती डुगडुगली, यात माझा काय दोष? मी चौतीस वर्षं वागळे इस्टेटच्या कारखान्यात इन्स्पेक्टर होतो. डुगडुगणारी वस्तू दिसली की माझा हात आपोआप खिशात जातो. त्या दिवशी खिशात पत्रिकेचा नमुना होता, त्याची घडी करून मी चौथ्या पायाखाली सरकवली आणि 'दोन मिलिमीटर आखूड आहे' एवढंच म्हणालो. आता ते व्याह्यांसमोर, सम्यकच्या वडिलांसमोर म्हणालो, त्याच्या तीन आत्यांसमोर म्हणालो, आणि फोटोवाला तेव्हा चित्रीकरण करत होता, हे सगळे योगायोग. त्यावर तुम्ही जे बोललात ते मला तोंडपाठ आहे. "दाजींनी जन्मभर दुसऱ्यांच्या कामात खोट काढली. स्वतःच्या हातानं एक पाट तरी केलाय का कधी?" सगळे हसले. शकूही हसली. (ती म्हणते तिला ठसका लागला होता. सात आठवडे झाले तरी ती तेच म्हणते.)

तिथे माझा तोल गेला. मी सगळ्यांसमोर जाहीर केलं की जावयाला लग्नात मी घड्याळ देणार, मी स्वतः केलेलं. हे शब्द तोंडातून निघेपर्यंत मलाही ते माहीत नव्हतं. सम्यकनं भाबडेपणानं विचारलं, म्हणजे विकत घेतलेलं नाही ना काका? प्रियांकानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर ती दहावीत नापास झाली असती तर मी तिच्याकडे टाकली असती. लग्न येत्या रविवारी आहे. म्हणजे दादा, घड्याळ झालं नाही तर मी मंडपात मुलीच्या बापाच्या जागी रिकाम्या हातानं उभा राहणार आणि समोर तुम्ही असणार (येणार असलात तर). तुम्ही काही बोलायचीही गरज पडणार नाही. तुम्ही नुसतं माझ्या हातांकडे बघितलंत तरी पुरे.

आता घड्याळ करायचं म्हणजे काय, हे आधी ठरवलं पाहिजे. आतलं यंत्र घरी करता येत नाही, ते कुठलंतरी जुनं घ्यावंच लागतं. (ते कुठून आणलं हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.) पण तबकडी विकतची, काटे विकतचे, पट्टा विकतचा असं केलं तर तुम्ही म्हणाल की दाजींनी फक्त झाकण लावलं. म्हणून जे डोळ्यांना दिसतं ते माझं हवं, आणि घड्याळात दिसतात काटे. काटा बारीक, निमुळता, मधे फुगीर, टोकाला सुईसारखा. माझी बोटं जाड. तेव्हा मी काट्यांना फाटा दिला आणि चकत्या करायचं ठरवलं. खाली मोठी चकती तासाची, वर लहान चकती मिनिटांची, दोन्हींवर केंद्रापासून कडेपर्यंत एकेक लाल रेघ. चकत्या फिरतात, रेघा वेळ दाखवतात. बघायला सुंदर, आणि करायचं काय तर गोल. गोल करायला काय लागतं, आपल्या घरी रोज वीस चपात्या होतात, असं मी शकूला म्हणालो. तिनं लाटणं माझ्या हातात दिलं. जे तयार झालं त्याला तिनं गुजरातचा नकाशा म्हटलं, पण तो मुद्दा वेगळा.

कुठल्याही कामाची सुरुवात ड्रॉइंगनं होते. आमच्या कारखान्यात भिंतीवर पाटी होती: 'ड्रॉइंग हेच प्रमाण'. मी तीन दिवस बसून ड्रॉइंग काढलं. तासाची चकती अठ्ठावीस मिलिमीटर, मिनिटांची एकोणीस. एवढ्या लहान मापात भोक नीट दिसत नाही म्हणून सगळं दहापट मोठं काढलं, मापं शाईनं लिहिली, कोपऱ्यात चौकट आखली, सही केली. प्रियांकानं ते जसंच्या तसं कॉम्प्युटरवर उतरवलं आणि मी ते घेऊन वागळे इस्टेटमधे एका लेझर कटिंगच्या गाळ्यात गेलो. मशीनवर जागृती नावाची मुलगी होती, प्रियांकाच्याच वयाची, कपाळाला गॉगल. तिनं पडद्यावर पाहिलं आणि विचारलं, "काका, हे घड्याळ लावणार कुठे?" मी म्हटलं, मनगटावर. तिनं माझ्या मनगटाकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नक्की ना?" दादा, इथे सुज्ञ माणूस थांबला असता. मी तिला सांगितलं की बाई, ड्रॉइंगप्रमाणे कर, शंका काढणं हे माझं काम आहे, तुझं नाही. तिनं खांदे उडवले आणि बटण दाबलं.

ड्रॉइंगच्या चौकटीत 'स्केल' असा एक रकाना असतो. त्यात 'दहास एक' असं लिहायचं राहिलं होतं. चौतीस वर्षं तो रकाना ड्रॉइंग ऑफिसचा कारकून भरत आला, मी फक्त तो भरला आहे की नाही ते तपासत आलो. तेव्हा मला मिळाल्या त्या चकत्या, एक अठ्ठावीस सेंटिमीटरची आणि एक एकोणीस सेंटिमीटरची. मी दोन्ही मोजल्या. ड्रॉइंगच्या रेघेपेक्षा केसभरही कमी नाहीत की जास्त नाहीत. जागृती म्हणाली, "ड्रॉइंगप्रमाणे आहे की नाही ते बघा काका." मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, "मग पास ना?" मी पास म्हणालो. दुसरं काय म्हणणार? घरी येताना रिक्षात मी ती मोठी चकती मांडीवर घेऊन बसलो होतो, तर रिक्षावाल्यानं विचारलं, "काका, डोशाचा गाडा टाकताय का?" सध्या मोठी चकती डाळीच्या पातेल्यावर झाकण म्हणून आहे आणि लहान कुकरखाली. शकू सगळ्यांना सांगते की यांनी घरात उपयोगी पडेल असं पहिल्यांदाच काहीतरी आणलं.

मग मी कमीपणा घेतला आणि हातानं करायचं ठरवलं. (चाचणीसाठी माझंच एक जुनं घड्याळ घेतलं.) थंड पेयाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा पातळ आणि हलका असतो. (तुम्हाला माहीत असेल, घड्याळाचं यंत्र फार अशक्त असतं, त्याला जड काही ओढवत नाही.) पहिल्या चकत्या शकूच्या करंजीच्या कातण्यानं कापल्या, त्यांना नागमोडी कड आली. दुसऱ्या कात्रीनं कापल्या, त्या बऱ्या होत्या, पण मधलं भोक अर्धा मिलिमीटर सरकलं आणि थोडं मोठंही झालं. तुम्ही म्हणाल अर्ध्या मिलिमीटरनं काय होतं. खुर्चीत होत नसेल, घड्याळात होतं. चकतीची जड बाजू आपोआप खाली जाते. परिणामी घड्याळ कायम साडेकाहीतरी दाखवायचं. बाराला रेघ वर लावली की पाच मिनिटांत घसरत सहावर यायची आणि तिथे ठाण मांडून बसायची. सरकवली की परत खाली. हे बघून मला आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आठवले. त्यांना कुठल्याही मीटिंगला आणा, ते दहा मिनिटांत भिंतीला टेकून डोळे मिटतात. तिसऱ्या वेळी मी भोक बरोबर पाडलं, पण चकती सैल बसते म्हणून झटपट चिकटणारा गोंद लावला. गोंद खालच्या चकतीलाही लागला. तास आणि मिनिट एकमेकांना असे बिलगले की यंत्रानं हात टेकले. चौथ्या वेळी चकती जोरात दाबली, ती वाटीसारखी खोलगट होऊन काचेला घासायला लागली.

आणि हे सगळं चाललं असताना पत्रिका छापून आली. तिच्यात लिहिलंय, 'मंगल परिणय दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी'. आता दादा, आपण मुहूर्त मानत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला त्यातून सोडवून सत्तर वर्षं होत आली. भंतेजी म्हणाले होते की साडेबारा ठेवा. मग ही वरची पाच मिनिटं आली कुठून? मी छापखान्यात जाऊन विचारलं. तो म्हणाला, सगळ्यांच्याच पत्रिकेत छापतो हो, नुसतं साडेबारा छापलं तर लग्नासारखं वाटत नाही, सोसायटीच्या सभेसारखं वाटतं. म्हणजे मुहूर्त काढून टाकला, पण त्याची पाच मिनिटं आपण पत्रिकेत राखून ठेवली. बरं, लग्न लागणार दीडला, हे सम्यकच्या कल्याणच्या नातेवाइकांना माहीत आहे, हॉलवाल्याला माहीत आहे, जेवणवाल्यानं तर लेखी दिलं आहे. अशा समाजात मी सेकंदाला सेकंद जुळणारं घड्याळ करायला निघालो, यातच माझं चुकलं असं प्रियांका म्हणते. मला ते पटत नाही. बारा पस्तीसचं लग्न दीडला लागलं तर किती उशीर झाला, हे सांगायला तरी घड्याळ बरोबर हवं.

शेवटी चकतीच्या मधे पितळेची बारीक बोंडी बसवली पाहिजे हे लक्षात आलं. बोंडी म्हणजे नळीसारखा छोटा तुकडा, जो यंत्राच्या दांड्यावर घट्ट बसतो आणि चकतीला सरळ धरतो. तासाच्या चकतीसाठी बोंडीचं भोक दीड मिलिमीटर, मिनिटांच्यासाठी त्याहूनही लहान. असं काम करणारा माणूस मला एकच माहीत होता, आणि नेमका त्याच्याच दारात जायची मला लाज वाटत होती. रोनाल्डचं नाव तुम्ही माझ्याकडून कधी ऐकलं नसेल. ऐकलं नाहीत त्याचं कारण आहे.

रोनाल्ड आमच्या कारखान्यात टर्नर होता, म्हणजे लेथ मशीनवर धातू कातणारा, माजिवडा गावठाणातला, ख्रिस्ती. अठ्ठ्याण्णव साली त्यानं चारशे बुश (दांडा ज्यात फिरतो त्या आखूड नळ्या) केले आणि ते ड्रॉइंगपेक्षा पाच शतांश मिलिमीटर मोठे निघाले. त्यानं सांगितलं होतं की ड्रॉइंग चुकलंय, मशीनमधे हेच बसतील. मी म्हटलं, मी मशीन तपासत नाही, मी ड्रॉइंगप्रमाणे आहे का ते तपासतो. चारशेच्या चारशेवर लाल शिक्का मारला. (हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे नापास.) महिन्याभरानं ड्रॉइंग गुपचूप दुरुस्त झालं आणि तेच बुश वापरले गेले. पण लाल शिक्का रोनाल्डच्या नावावर राहिला आणि त्या वर्षीची फोरमनची जागा दुसऱ्याला गेली. मला हे कळलं तेव्हा मी काही बोललो नाही. साहेबांकडे जाऊन दोन वाक्यं बोलायची होती, तेवढीही बोललो नाही. दादा, हे लिहिताना मला वाईट वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं, आता वाटतं.

रोनाल्डनं घराच्या ओट्यावर छोटं लेथ मांडलंय. मी माझ्या चकत्या डबीतून काढून दाखवल्या. त्यानं चष्मा लावून बघितल्या, बाजूला ठेवल्या आणि मला ते जुनं प्रकरण आठवतं का, असं त्यानं विचारलं नाही. मीच काढलं. मी म्हटलं, ते चारशे बुश बरोबर होते, मला माहीत होतं, मी बोललो नाही. त्याची बायको जोविटा आत भात वाढत होती, तिचा डाव थांबला. रोनाल्ड म्हणाला, "तवाच बोलला असतास तर मी फोरमन झालो असतो, आणि ह्ये लेथ घरी आलं नसतं. चल, ये इकडं." मला वाटलं आता तो करून देईल. पण नाही. तो म्हणाला, "मी नाय करायचा. मी उभा राहतो, तू कर. तुला बघू दे काम म्हणजे काय ते."

चार दिवस मी रोज माजिवड्याला गेलो. पहिली बोंडी बोटातून उडाली ती जोविटाच्या कोंबड्यांत पडली, आणि कोंबडीनं ती खाल्ली की नाही यावर आमचं एकमत झालं नाही. दुसरीचं भोक वाकडं. पाचवी छान झाली असं मला वाटलं, रोनाल्डनं ती दोन बोटांत धरून फिरवली आणि सरळ भंगाराच्या डब्यात टाकली. अकरावीला मी चिडून विचारलं की हिला काय झालंय. तो म्हणाला, "तुला कधी कुणी विचारलेला का, काय झालंय म्हणून?" दादा, कुणीतरी विचारलं होतं. सगळेच विचारायचे. मी त्यांना शिक्का दाखवायचो. अठरावी बोंडी दांड्यावर बसवली. चकती आडवी फिरली, सपाट, कुठे न घासता. रोनाल्डनं ती दोनदा फिरवली आणि म्हणाला, "हं." एवढंच. पण त्या 'हं'साठी मी चौतीस वर्षांचा पगार परत द्यायला तयार होतो. (शकूला हे सांगू नये.)

मग बारा वाजता दोन्ही रेघा एकावर एक आणून, बॉलपेनच्या पोकळ नळीनं वरून हळूच दाबून चकत्या बसवल्या. त्याला आता आठ दिवस झाले. रोज सकाळी नऊला मी ते भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघतो, वहीत फरक लिहितो आणि पुन्हा लावतो. (आज मुद्दाम लावलं नाही, फरक तुम्हालाही दिसावा म्हणून.) आठही दिवस ते सातच मिनिटं मागे पडलंय. एक दिवस सहा नाही, एक दिवस आठ नाही. चकत्या काट्यांपेक्षा जड, त्यामुळे मागे पडणार हे धरलेलंच होतं. पण ही शिस्त बघा! घरात केलेल्या घड्याळात असं सातत्य मी कुठे वाचलेलं नाही. आता प्रश्न एकच आहे. मी आधीच वहीत लिहून ठेवलं होतं की दिवसाला तीस सेकंदांपर्यंत फरक चालेल. त्या हिशेबानं हे घड्याळ नापास. पण आमच्या कारखान्यात दुसरा एक नियम होता आणि तो पहिल्यापेक्षा मोठा होता: ज्यानं वस्तू केली त्यानं ती तपासायची नाही. मी हा नियम चौतीस वर्षं पाळला, कारण मी कधी काही केलंच नव्हतं. आता केलंय. त्यामुळे याच्यावर शिक्का मारायचा मला अधिकार नाही. तो दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागेल, आणि तो माणूस वस्तू करणारा असावा, माझ्यावर मेहेरबानी करणारा नसावा, असं मला वाटतं.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला गरम तेल लावावं. पत्र संपताना भिंतीवर १० वाजून ५२ मिनिटे झाली आहेत.

आपला,
सीताराम रोकडे
(निवृत्त इन्स्पेक्टर, सध्या कारागीर, प्रलंबित)

ता. क. कागद उरला आहे म्हणून अप्पांच्या घड्याळाबद्दल. सहा वर्षांपूर्वी अप्पा गेल्यावर तुम्ही ते मला सफाईला दिलं होतं आणि मी तेव्हापासून पार्ट मिळत नाही असं सांगत आलो. पार्ट मिळत होता. ते मी उघडलं आणि मला परत जोडता आलं नाही, आणि ते तुम्हाला सांगता आलं नाही. जावयाच्या घड्याळातलं यंत्र तेच आहे. रोनाल्डनं समोर बसवून ते माझ्याकडून जोडून घेतलं. मागचं झाकण आतून पुसताना दिसलं की अप्पांनी टाचणीनं दोन नावं कोरली आहेत. 'काळू', आणि त्याच्याखाली 'शकू'. तुम्हाला हे माहीत होतं का? मला वाटत नाही, ते झाकण तुमच्यासमोर कधी उघडलं नसेल. नावं मी तशीच ठेवली आहेत. खाली आणखी एका नावाला जागा आहे, पण ती जागा तुमच्या वडिलांची, म्हणजे तुमची. तुम्ही हो म्हणालात तर तिथे प्रियांकाचं नाव कोरायचं आहे, आणि ते तुम्ही कोरावं. तुमचा हात पिंपळपानावर मी पाहिलेला आहे. नाही म्हणालात तर यंत्र काढून परत देतो, आणि लग्नात मी रिकाम्या हातानं उभा राहतो, त्याची तक्रार नाही.

ता. ता. क. साखरपुड्याच्या दिवशी सगळे जेवायला बसले तेव्हा मी तुमच्या फरशीवर गोटी ठेवून पाहिली होती. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. खुर्चीचे चारही पाय बरोबर आहेत. फरशी उतरती आहे, आणि चौथ्या पायाखाली खचलेली. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी बोललो नाही. आता बोलतो, आणि लग्नात सम्यकच्या तीनही आत्यांसमोर पुन्हा बोलेन, फोटोवाल्यालाही बोलावून घेईन.

आणखी एक. प्रियांका हे पत्र घेऊन स्वतः येते आहे, तिच्याबरोबर घड्याळ आहे आणि माझा शिक्का आहे. तपासून पत्राच्या मागे शिक्का मारावा, सही करावी. माझ्याकडे शिक्के दोन होते हे तुम्हाला माहीत आहे, पण लाल शिक्का पाकिटात मावला नाही. (दोन्ही एकाच मापाचे आहेत. तरी मावला नाही.)

दादा, मी शकू. हे आंघोळीला गेलेत म्हणून खाली लिहितेय. ते सात मिनिटं, सात मिनिटं म्हणतात ना, ते मी रोज सकाळी दूध तापवताना त्याची चावी ओढून पुढे करते म्हणून. खरं ते दिवसाला सत्तावीस मिनिटं मागे जातं. पूर्ण बरोबर लावलं असतं तर त्यांना लगेच संशय आला असता, म्हणून सात ठेवते. अप्पांनी आपली नावं कोरलीत ते मी डोळ्यांनी बघितलं, मग मला दूध उतू गेलेलं कळलं नाही. तू शिक्का मार. आणि रविवारी वेळेवर ये, तुझ्या स्वतःच्या घड्याळाप्रमाणे.